पारवा

रंगाच्या दुकानात शेडकार्ड नावाचं जे जाडजूड बाड मिळतं ना, त्यात निळा आणि राखाडी यांच्या मधल्या गल्लीत डझनावारी चौकोन असतात. नावंही एकेक. कुणी धुकं, कुणी वादळ, कुणी पाटीचा दगड, तर कुणी कुठल्याशा बर्फाळ देशातलं पहाटेचं आकाश. सगळी इंग्रजी. गंमत म्हणजे या अख्ख्या गल्लीसाठी मराठीत एकच सुटसुटीत शब्द फार पूर्वीपासून आहे: पारवा. सज्जावर घुं घुं करत बसणारा तो पक्षीही पारवा आणि त्याच्या पाठीचा रंगही पारवाच. आजीच्या पिढीतल्या बायका साडीच्या दुकानात "पारव्यात दाखवा" म्हणायच्या आणि दुकानदार बरोबर तोच गठ्ठा सोडायचा.

आमच्या डहाणूच्या घरातल्या दोन खोल्यांना रंग काढायचं ठरलं, तेव्हा "तू इंजिनिअर आहेस ना, मग तूच ठरव" असा अजब तर्क लढवून ते काम माझ्या गळ्यात पडलं. (सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटर दुरुस्त करायला लावतात, त्यातलाच प्रकार.) मला पारवा हवा होता. पण दोन-तीन वीकएंड शेडकार्ड चाळता चाळता एक भलताच किडा डोक्यात शिरला. आपल्या या डहाणू-तलासरी पट्ट्यात भिंतींना आजवर कुठले रंग लागले, ते कुणी ठरवले, आणि त्यात निळा आला तरी कधी? त्या शोधाचं हे टिपण.

सुरुवात अर्थातच वारली घरापासून. 'वारली' म्हटलं की आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे लाल-तपकिरी पार्श्वभूमीवरची पांढरी त्रिकोणी माणसं येतात, मग ती कॉफी मगवर असोत, कुर्त्यावर असोत नाहीतर एखाद्या ऑफिसच्या रिसेप्शनमागे. पण ती पार्श्वभूमी म्हणजे मुळात कुणी निवडलेली 'शेड' नाही, ती भिंतच आहे. वारली घराची भिंत म्हणजे कुड. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या विणून, बांधून घ्यायच्या आणि त्यावर माती, शेण, भाताचं तूस असं मिश्रण दोन्ही बाजूंनी लिंपायचं. हे सारवण वाळलं की त्याचा रंग खाकी आणि करड्याच्या मधे कुठेतरी असतो. त्यावर गेरू फिरवला की तो प्रसिद्ध लाल. गेरू म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची माती, थोडक्यात गंज. पांढरा हवा तर तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं. ब्रश म्हणजे बांबूची काडी, टोकाला चावून मऊ केलेली. आत चुलीचा धूर वर्षानुवर्षं बसून छताखालचा भाग आपोआप काळा होतो, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते, कारण धुरामुळे गवताच्या छपराला कीड कमी लागते.

म्हणजे लाल, पांढरा, काळा, करडा. निळा नाही.

इथे इंटरनेटवर फिरणारी एक थिअरी लगेच आठवते. १८५८ मध्ये ग्लॅडस्टन (हो, तोच, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला) याने होमरच्या काव्यात निळा रंग जवळजवळ येतच नाही असं निरीक्षण मांडलं. १९६९ मध्ये बर्लिन आणि के या दोघांनी जगभरच्या भाषांमध्ये रंगांचे शब्द कुठल्या क्रमाने येतात ते मांडलं: आधी काळा-पांढरा, मग लाल, मग हिरवा-पिवळा, मग निळा. झालं. तेव्हापासून 'जुन्या लोकांना निळा दिसतच नव्हता' असल्या फॉरवर्ड्सना ऊत आला आहे. वारली भिंतीवर हे लागू करायचा मोह होतो, पण तो आवरावा. पावसाळ्याआधीचं आभाळ, डहाणूची खाडी, खंड्या पक्षी हे सगळं रोज पाहणाऱ्या माणसाला निळा दिसत नाही म्हणणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. कारण फार साधं आहे. निळी माती मिळत नाही. लाल माती डोंगरात पायाखाली असते, निळा दगड मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आणावा लागतो. त्या लाजवर्दाची पूड अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांत सापडते, पण तिथे खर्च करायला राजांचे मंत्री आणि श्रीमंत दाते होते. कुडाच्या भिंतीला कोण देणार?

आणि ज्या कारवीच्या काठ्यांवर निळा कधी चढला नाही, ती कारवी मात्र आठ वर्षांतून एकदा फुलते आणि अख्खा डोंगर निळा-जांभळा करून टाकते. २०१६ मध्ये फुलली होती. असो.

आता या भिंतीवर काय काढायचं आणि कुणी, यालाही नियम होते. सगळ्यात महत्त्वाचं चित्र म्हणजे लग्नाचा चौक. चौकोन, त्याभोवती नक्षीच्या पट्ट्या, आणि मधोमध पालघाट देवी. हा चौक लिहायच्या त्या सुवासिनी. हो, 'लिहायचा', काढायचा नाही. धवलेरी गाणी म्हणते, देवीला बोलावते, आणि चौक झाल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. वस्तू सगळ्या घरातल्या नाहीतर रानातल्या: शेण गोठ्यातलं, गेरू डोंगरातला, तांदूळ मूठभर. अख्ख्या लग्नात सावकाराकडून आणावी न लागणारी ही बहुधा एकमेव गोष्ट असावी.

कारण बाकीच्या लग्नासाठी कर्ज काढावं लागायचं. आणि इथेच या सुंदर लाल भिंतीमागची गोष्ट येते, जी कॉफी मगवर नसते. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. किती वर्षं? तर कर्ज फिटेपर्यंत. आणि हिशेब सावकाराच्या वहीत असल्यामुळे ते फिटायचं नाही. अशा गड्याला 'लग्नगडी' म्हणत. म्हणजे ज्या दिवशी भिंतीवर चौक लिहिला गेला, त्याच दिवशी जोडपं गहाण पडलेलं असायचं. १९३० च्या दशकाच्या शेवटी सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींवर सरकारला अहवाल दिला, त्यात ही वेठबिगारी नोंदवलेली आहे. सरकारी अहवालांचं जे होतं तेच त्याचं झालं.

ती मोडली ती अहवालाने नाही. २३ मे १९४५ ला झरी इथे (आज तलासरी तालुक्यात) हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे तिथे काम करत होते. लग्नगडी सोडवले गेले. पुढे ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर काही जण मारले गेले. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक (१९७०) याच काळावर आहे. मुंबई-अहमदाबाद हायवेने तलासरीतून शंभराच्या स्पीडने जाणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बरं, आता निळा.

तो आला युरोपातून, आणि एका स्पर्धेतून. हॅकेथॉनच म्हणा ना. लाजवर्दाचा खरा निळा सोन्याच्या तोडीने महाग, म्हणून फ्रान्समधल्या एका उद्योग-प्रोत्साहन संस्थेने १८२४ मध्ये ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं: स्वस्तात, कृत्रिम रीतीने तसाच निळा बनवून दाखवा. ग्विमे नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८२६ च्या सुमारास तो बनवला आणि १८२८ मध्ये बक्षीस घेतलं. चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा बंद भट्टीत भाजायचं की झाला अल्ट्रामरीन. काही दशकांत हा निळा इतका स्वस्त झाला की तो धुण्याच्या पाण्यात टाकण्याची वस्तू बनला. आपली 'नीळ' ती हीच. नाव मात्र तिने आधीच्या, झाडाच्या निळीकडून उचललं. तीच झाडाची नीळ, जिच्यापायी चंपारणमध्ये १९१७ चा सत्याग्रह झाला. गंमत अशी की त्याच्या वीस वर्षं आधी, १८९७ मध्येच, जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम इंडिगो बाजारात आणून झाडाच्या निळीचा धंदा मोडायला घेतला होता.

आता कोकणच्या किनाऱ्यावर भिंतीला चुना जुनाच. शिंपले भट्टीत भाजून केलेला चुना घरांना, देवळांना, किल्ल्यांना, सगळीकडे. डहाणूचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत १७३९ मध्ये तो मराठ्यांकडे आला. बांधणारे-पाडणारे बदलले तरी चुना तोच राहिला. या चुन्यात कधीतरी धुण्याच्या निळीची चिमूट पडली. ज्याने पहिल्यांदा टाकली त्याला दंडवत, कारण त्यामागे दोन झकास तांत्रिक गोष्टी आहेत.

पहिली: चुना थोडा पिवळट असतो. निळा हा पिवळ्याच्या समोरचा रंग, म्हणून चिमूटभर निळीने पिवळेपणा मारला जातो आणि भिंत जास्त पांढरी दिसते. पांढऱ्या शर्टाचं लॉजिक. पण हात सैल सुटला की भिंत आकाशी होते, आणि लोकांच्या लक्षात आलं की अरे, हेही छान दिसतंय. दुसरी: चुना जबरदस्त अल्कधर्मी असतो. त्यात बरेच रंग जळून जातात. प्रशियन ब्लू नावाचा निळा, जो १८ व्या शतकाच्या सुरुवातीलाच बर्लिनमध्ये सापडला होता, तो चुन्यात टिकत नाही, तपकिरी पडतो. अल्ट्रामरीन मात्र चुन्यात ठणठणीत राहतो (आम्लात मात्र मरतो). म्हणजे धुण्यासाठी आणलेली पुडी भिंतीसाठीही नेमकी योग्य निघाली. याला आम्ही कम्पॅटिबिलिटी म्हणतो आणि त्यासाठी मीटिंगा घेतो.

आणि पारवा? तो तर निळीशिवायही होतो. दिव्याची काजळी पांढऱ्यात मिसळली की जो राखाडी येतो तो चक्क निळसर दिसतो. काजळीचे कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, साधारण त्याच कारणाने जसं आकाश निळं दिसतं. चित्रकारांना ही युक्ती शतकानुशतकं ठाऊक आहे. म्हणजे बघा, चुना, चुलीची काजळी आणि नीळ, तिन्ही घरात, पदार्थ काही आण्यांचे. जो रंग आज आम्ही 'प्रीमियम' म्हणून घेतो तो मिश्रणाच्या डब्यात कधीचाच तयार होता. फक्त त्याला कुणी नाव देऊन विकलं नव्हतं.

विकणारे आले १९४२ मध्ये. युद्धामुळे परदेशी रंगांची आयात बंद, आणि गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी रंग बनवायला सुरुवात केली. तीच एशियन पेंट्स. (आपल्याला गॅरेज म्हटलं की कॅलिफोर्नियाच आठवतं. गिरगाव आठवायला हरकत नाही.) १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांना हातात ब्रश आणि डबा घेतलेला 'गट्टू' काढून दिला. चुना आणि महागडा प्लास्टिक पेंट यांच्या मधे डिस्टेंपर आलं आणि मध्यमवर्गाच्या घरात बसलं. नव्वदच्या दशकापासून दुकानात रंग मिसळणारी यंत्रं आली. पांढऱ्या बेसमध्ये कॉम्प्युटर थेंब मोजून टाकतो: इतका निळा, इतका काळा, किंचित लाल. म्हणजे परत काजळी आणि नीळच की! फक्त चिमटीऐवजी मिलिलीटर.

जाता जाता, पारवा निवडणाऱ्यांसाठी अनुभवाचे दोन शब्द. शेडकार्डवरचा चौकोन भिंतीवर गेला की जास्त गडद आणि जास्त निळा वाटतो. उत्तरेच्या खोलीत दिवसभर थंड उजेड येतो, तिथे पारवा पोलिसचौकीसारखा दिसण्याची शक्यता दाट. तिथे थोडी लाल किंवा तपकिरी झाक असलेला घ्यावा. पश्चिमेच्या खोलीत, समुद्राकडून संध्याकाळचं ऊन आलं की तोच रंग इतका मऊ होतो की बास. आणि रात्री पिवळ्या एलईडीखाली तो हिरवट-मळकट होतो, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, कारण दुकानात पांढरीशुभ्र ट्यूब असते. हातभर रुंद पट्टा भिंतीवर मारून दोन दिवस बघावा. आम्ही पश्चिमेच्या खोलीला पारवा लावला आणि उत्तरेच्या खोलीला लावला नाही.

इकडे वारली भिंतीचं काय झालं? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळी परिस्थितीत लोकांना काही उत्पन्न मिळावं म्हणून हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार इथे आले, कागद आणि रंग घेऊन. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते हातात घेतले. तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा जन्म, लहानपणी आई गेल्यावर बोलणं थांबलेला आणि धुळीत चित्रं काढणारा हा मुलगा. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीतर्फे प्रदर्शन, १९८९ मध्ये पॅरिसला पोंपिदू सेंटरच्या प्रदर्शनात, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. त्यांची बरीच चित्रं शेण लावलेल्या कापडावर आहेत, त्या करड्या-खाकी रंगावर. म्हणजे कुडाची भिंत त्यांनी कापडाच्या रूपात सोबत नेली. पण चौक लिहिणाऱ्या सुवासिनींचा हात सुटला आणि चित्रकार म्हणून नाव झालं ते बहुतेक पुरुषांचं, हेही खरं. मला हा भाग अजूनही खटकतो.

भिंतही बदलत गेली. कुड म्हणजे रोमँटिक काही नाही बरं का. वाळवी लागते, पावसात खालचा भाग कुजतो, दरवर्षी सारवायचं ते बायकांनीच, आणि कारवी आणायला जंगल पाहिजे. त्यामुळे पक्क्या घराची इच्छा अगदी रास्त आहे. आधी इंदिरा आवास (१९८५), मग २०१६ पासून प्रधानमंत्री आवास: निदान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये. विटा, सिमेंट, पत्रा. प्लॅस्टर झालेलं पण न रंगवलेलं घर बघितलं की तोच रंग दिसतो. निळसर राखाडी! शहरात जो आम्ही पैसे मोजून लावतो, तो पाड्यावर पैसे संपले म्हणून असतो.

आणि मग नोव्हेंबर २०१८ मध्ये जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीत, विशेषतः दुंदलवाडी आणि आसपास, छोट्या छोट्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ ला एका दिवसात सहा धक्के, त्यातला मोठा ४.१ चा. बाहेर पळण्याच्या धांदलीत एक दोन वर्षांची मुलगी गेली. जुलैमध्ये रात्रीच्या धक्क्यात घर पडून एक माणूस गेला. लोक थंडीत तंबूत झोपत होते, शाळा उघड्यावर भरत होत्या. मोठा भूकंप नाही, पण महिनोन्‌महिने, रात्री-बेरात्री, घराच्या भिंतीकडे संशयाने बघत जगायचं.

तेव्हा भिंतींचा सगळा इतिहास उलटा वाचावा लागतो. कुड हलका आणि लवचिक. तो हलतो, माती गळते, पण माणूस सहसा चिरडत नाही. विटांची भिंत जड आणि ताठ. तिला जोत्यावर, खिडक्या-दारांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचे आडवे पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या नसतील, तर ती सरळ फाटते. हे पट्टे म्हणजे काही रॉकेट सायन्स नाही, भारतीय मानकांत ते कधीचे लिहिलेले आहेत. मातीच्या घरांसाठीसुद्धा वेगळं मानक आहे, १९९३ चं. पण मोजक्या पैशांत घर उरकताना पहिली काट लागते ती न दिसणाऱ्या गोष्टींना, म्हणजे सळईला. रंगाला नाही, कारण रंगापर्यंत पैसा पोचतच नाही.

आणखी एक गोष्ट. दरवर्षी पावसाळा संपला की सारवण किंवा चुना व्हायचा, तेव्हा घरातलं कुणीतरी भिंतीचा इंच न्‌ इंच हाताने चाचपून जायचं. फुगवटा, भेग, ओल, वाळवी, सगळं हाताला लागायचं. चुन्याच्या बारीक भेगा तर ओल लागली की थोड्याफार आपोआप भरूनही येतात. आजच्या प्लास्टिक पेंटवर पाच-सात वर्षांची वॉरंटी असते. म्हणजे पाच-सात वर्षं भिंतीला कुणी हात लावायचा नाही. त्या फिल्मखाली भेग धरली तर ती रंगाला चीर पडेपर्यंत कळत नाही, आणि चीर पडली की आपण पुट्टी भरतो आणि वरून टचअप मारतो.

केसासारखी भेग फक्त प्लॅस्टरमध्ये असेल तर पुट्टी चालते. पण ती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघाली असेल, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत असेल, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसत असेल, तर रंगाऱ्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. भेगेच्या दोन टोकांना पेन्सिलने खुणा करून तारीख घालून ठेवायची, आणि पुढच्या धक्क्यानंतर ती खुणेच्या पुढे गेली का ते बघायचं. पारव्यावर पेन्सिल नीट दिसते. गेरूवर खडू घ्यावा लागेल.